जाडजूड पुस्तकांची माणसं

ठाण्यात गोखले रोडला जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी कॉलेजातली एक मुलगी बराच वेळ वाकून शोधत होती. तिला ब्रँडन सँडरसन या अमेरिकन फँटसीलेखकाचं पुस्तक हवं होतं. 'द वे ऑफ किंग्ज' मैत्रिणीकडून आणून वाचून झालं होतं आणि आता पुढचं पाहिजे होतं. विक्रेत्याने खालच्या थरातून एक जाड पेपरबॅक ओढून काढलं, 'वर्ड्‌स ऑफ रेडियन्स'. तिने फोनवर यादी पाहिली. मालिकेतलं दुसरं पुस्तक हेच होतं. भाव ठरला, पैसे दिले, पुस्तक सॅकमध्ये गेलं आणि ती स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाच्या दिशेने गर्दीत मिसळली. जाता जाता मात्र ती म्हणाली होती, "शेवट काहीच नव्हता हो, मध्येच संपलं." तेवढं एक वाक्य मागे राहिलं. विक्रेत्याने खरं सांगितलं होतं, फोनवरची यादीही बरोबर होती आणि तरी त्या मुलीची सुमारे पाचशे पानं वाचायची राहणार होती. मैत्रिणीकडून आलेलं पुस्तक अर्धंच होतं.

असं होण्याचं कारण साधं आहे, पण ते कुणी सांगत नाही. आपल्याकडे फँटसीची बहुतेक पेपरबॅक्स ब्रिटिश आवृत्तीची येतात. हजार पानांच्या पुढे गेलेलं पुस्तक नुसत्या गोंदाच्या बांधणीत टिकत नाही, कणा मध्यावर फाकतो, म्हणून गोलान्झ या ब्रिटिश प्रकाशनाने सँडरसनच्या या 'स्टॉर्मलाइट आर्काइव्ह' मालिकेतले पहिले चार खंड पेपरबॅकमध्ये प्रत्येकी दोन भागांत कापले. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत खंडाचं नाव असतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'पार्ट वन' किंवा 'पार्ट टू'. वाचणाऱ्याला वाटतं, पार्ट वन म्हणजे मालिकेतलं पहिलं. तसं नाही, ते पहिल्याचं पहिलं अर्धं असतं. जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चंही हेच. पुस्तकं पाच, पण तिसरं आणि पाचवं चिरल्यामुळे दुकानात सात कणे ओळीने दिसतात. 'स्टील अँड स्नो' आणि 'ब्लड अँड गोल्ड' ही दोन वेगळी पुस्तकं नसून एकाच तिसऱ्या खंडाचे तुकडे आहेत. जुन्या ढिगात हात घालताना सोपी तपासणी एकच. पहिलं पान उघडायचं. प्रस्तावनेचं प्रकरण किंवा प्रकरण पहिलं नसेल आणि गोष्ट एकदम वरच्या आकड्याच्या प्रकरणापासून सुरू होत असेल, तर हातात उत्तरार्ध आहे. शेवटच्या पानावर परिशिष्ट किंवा शब्दसूची नसेल, तर बहुधा पूर्वार्ध आहे. नावापाठीमागच्या पानावरही पूर्ण खंडाची माहिती छापलेली असते, ते पान वाचायची सवय लावून घ्यावी.

याच मालिकेत आणखी एक खाच आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडांच्या मध्ये 'एजडान्सर' नावाची लघुकादंबरी बसते आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये 'डॉनशार्ड'. दोन्ही बारीक असल्यामुळे लोक त्यांना जादा मानून सोडतात. मग तिसऱ्या खंडात एखादं पात्र अचानक बदललेलं भेटतं आणि लेखकाने घाई केली असं वाटतं. घाई लेखकाची नसते. डिसेंबर २०२४ मध्ये 'विंड अँड ट्रुथ' आलं आणि दहा खंडांच्या नियोजनातला पहिला पाचांचा टप्पा पुरा झाला. ज्यांनी शेवट होईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलं होतं ते वाचक आता सुरुवात करताहेत. त्यामुळे २०१० सालचा पहिला खंड आज पुन्हा नव्या हातांत दिसतो.

हे हात कुठे दिसतात, तर ठाणे-वाशी लोकलमध्ये.

सकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून सुटणाऱ्या गाड्यांत ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या ऑफिसांना जाणारी पोरंपोरी असतात. कानात इअरफोन घातलेले बरेच, पण त्यांच्यातच कुणी दाराच्या आडोशाला पाठ टेकून पुस्तक उघडतं. या प्रवासाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ठाणे ते वाशी साधारण अर्धा तास. परभाषेतलं वाचन, धक्के आणि मध्ये उतरणाऱ्यांना वाट देणं धरून मिनिटाला दोनशे शब्द पकडले, तर एका खेपेत सहा हजार आणि दिवसाकाठी बारा हजार शब्द होतात. 'द वे ऑफ किंग्ज'मध्ये पावणेचार लाखांहून जास्त शब्द आहेत. म्हणजे बत्तीस कामाचे दिवस, पाच दिवसांच्या आठवड्याने जवळजवळ साडेसहा आठवडे, तेही रोज जागा मिळाली तर. उभं राहून वाचायचं म्हटलं की गणित आणखी बिघडतं, कारण एक हात वरच्या कडीला गुंतलेला असतो आणि सातशे पानांचं पुस्तक एका हाताने उघडं ठेवलं की अंगठा मध्यावर दाबून कणा मोडतो. पुठ्ठाबांधणीची पूर्ण प्रत तर किलोच्या वर भरते. म्हणून या गाडीतले मुरलेले वाचक जाड पुस्तक घरी ठेवतात, प्रवासात किंडल नाहीतर फोन काढतात, किंवा मार्था वेल्ससारखी लेखिका निवडतात. तिच्या 'मर्डरबॉट'ची पहिली लघुकादंबरी 'ऑल सिस्टम्स रेड' (२०१७) तीस-बत्तीस हजार शब्दांची आहे, तीन दिवसांच्या जाण्यायेण्यात संपते. माणसांचं रक्षण करायला नेमलेला, स्वतःवरचा मालकांचा ताबा गुपचूप काढून टाकलेला आणि रिकाम्या वेळात मालिका बघत बसणारा यंत्रमानव. त्याला कुणी डोळ्याला डोळा भिडवून बोललेलं आवडत नाही. २०२५ मध्ये त्याच्यावर टीव्ही मालिका आली आणि वाचक वाढले, पण रोज शेकडो अनोळखी माणसांना चिकटून उभं राहणाऱ्यांना हे पात्र इतकं जवळचं का वाटतं, ते मालिकेच्या जाहिरातीवरून कळणार नाही. ते सव्वानऊच्या गाडीत कळतं.

किंडलवर फँटसी वाचताना नकाशाची अडचण होते. छापील पुस्तकात बोट घालून मागे जाता येतं. पडद्यावर नकाशा करड्या रंगाचा, मोठा केला की धूसर होणारा. उपाय असा की वाचायला लागण्याआधी नकाशाचं आणि पात्रयादीचं छायाचित्र फोनमध्ये ठेवून द्यावं. गावाचं किंवा माणसाचं नाव अडलं म्हणून इंटरनेटवर शोधू नये. पहिली दोन अक्षरं टाकताच खाली सुचवण्या उमटतात आणि त्यातच कोण कसा मेला हे लिहिलेलं असतं. कितीतरी वाचकांचा रस असा एका झटक्यात गेला आहे. अडलेलं नाव समासात पेन्सिलीने खुणावून पुढे जावं, पन्नास पानांत ते आपोआप सुटतं.

फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' (१९६५) सोडून देणारे बहुतेक जण पहिल्या शंभर पानांत सोडतात. दोन्ही चित्रपट पाहून पुस्तक घेतलेलं असतं आणि पहिल्याच प्रकरणात ओळखीचे नसलेले शब्द एकामागून एक येतात, कुठेही थांबून अर्थ सांगितलेला नसतो. शब्दसूची आहे, पण ती शेवटी, चार परिशिष्टांच्या मागे. ती आधी काढून एकदा नजरेखालून घालावी, सगळी पाठ करायची गरज नाही. दुसरी अडचण जरा खोल आहे. आजच्या मालिकांची सवय झालेल्या वाचकाला घातकी माणूस कोण हे शेवटी कळायला हवं असतं. हर्बर्ट ते पहिल्या काही प्रकरणांतच सांगून टाकतो, शिवाय प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर भविष्यातल्या इतिहासग्रंथांतले उतारे देतो, त्यांतूनही पुढचं कळत जातं. वाचक म्हणतो, मग उरलं काय? आपल्याला खरं तर हा प्रश्न पडू नये. कीर्तनाला बसलेल्या माणसाला अभिमन्यूचं काय होणार हे ठाऊक असतं, तरी तो उठून जात नाही. 'ड्यून' तशी ऐकावी. काय होणार हे माहीत असूनही माणसं त्या दिशेने पावलं कशी टाकतात, ते बघत.

लिऊ छ-शिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' वेगळ्या कारणाने अडते. कादंबरी २००६ मध्ये चिनी मासिकात क्रमशः आली, २००८ मध्ये पुस्तक झालं, तेव्हा सांस्कृतिक क्रांतीतला रक्तबंबाळ प्रसंग मध्ये कुठेतरी सरकवला होता. केन लिऊ यांच्या २०१४च्या इंग्रजी अनुवादात तो पुन्हा पहिल्या प्रकरणात आला आणि पुस्तकाला विज्ञानकथेचं २०१५चं ह्यूगो पारितोषिक मिळालं. विज्ञान वाचायला आलेला माणूस म्हणतो, हे काय राजकारण चालू आहे? त्याने पन्नास-साठ पानं दम धरावा, कारण माणसांवरचा विश्वास उडालेली बाई आकाशाकडे हाक का पाठवते, हे त्या पहिल्या प्रकरणाशिवाय पटणारच नाही. चिनी नावांत आडनाव आधी येतं, एवढं ध्यानात ठेवलं आणि पुढच्या बाजूची पात्रयादी दोनदा वाचली की वाट मोकळी होते. पुढचं विज्ञान भीतीदायक नाही. तीन तारे एकमेकांना ओढत असतील तर त्यांची पुढची जागा कायमची सांगणारं सर्वसाधारण सूत्र नसतं, या एका गोष्टीवर सगळा डोलारा उभा आहे. पहिल्या खंडावर थांबणाऱ्यांबद्दल मला फार वाईट वाटतं. दुसरा, 'द डार्क फॉरेस्ट', मालिकेच्या तिन्ही खंडांत सर्वात भेदक आहे. रात्री खाडीपुलावरून गाडी जाताना खिडकीबाहेरच्या काळोखाकडे त्यानंतर तशा निर्धास्तपणे बघवत नाही.

सध्या सर्वात जास्त हातांत दिसतं ते मात्र यातलं काहीच नसतं, रिबेका यॅरॉसची 'फोर्थ विंग' असते. मे २०२३ मध्ये पहिलं पुस्तक आलं, त्याच वर्षी 'आयर्न फ्लेम', जानेवारी २०२५ मध्ये 'ऑनिक्स स्टॉर्म'. ड्रॅगनवर स्वार व्हायला शिकवणारं लष्करी विद्यालय, नापास म्हणजे मरण, आणि त्यात प्रेम. जुने फँटसीवाले याकडे नाक मुरडतात, जगाची बांधणी कच्ची आहे म्हणतात. कच्ची आहे हे मलाही दिसतं. पण दहावीनंतर पुस्तक न उघडलेल्या मुली सहाशे पानं चार रात्रींत वाचून पुढच्या खंडासाठी नाव नोंदवताहेत, हे मला फार मोठं वाटतं. त्यांच्यातल्या काही पुढे रॉबिन हॉबकडे जातील, 'असॅसिन्स अप्रेंटिस'पासून (१९९५) सोळा पुस्तकं त्यांची वाट बघत आहेत. एक गोष्ट पालकांना मात्र सांगायला हवी. मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे आणि कडांना रंग आहे म्हणून ही पुस्तकं बारा वर्षांच्या मुलांना वाढदिवसाला दिली जातात. ती मोठ्यांसाठी आहेत, त्यांत शरीरसंबंधांची सविस्तर वर्णनं आहेत. हॅरी पॉटर संपवलेल्या मुलाला अर्सुला ल ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) द्यावं. दोनशे पानांच्या आसपासचं, सोप्या वाक्यांचं पुस्तक आहे, आणि त्यातला जादूगार गोरा नाही, तांबूस सावळा आहे. किंवा टेरी प्रॅचेटचं 'द वी फ्री मेन' (२००३) द्यावं, त्यात हातात तवा घेऊन परीराणीशी भांडायला जाणारी नऊ वर्षांची मुलगी आहे.

पैशांची बाजूही आहे. नव्या जाड पेपरबॅकला पाचशे ते हजार रुपये पडतात आणि मालिका पाच-सात खंडांची, त्यामुळे फुटपाथ आणि वाशीला अधूनमधून भरणारी किलोच्या भावाची प्रदर्शनं हाच पुष्कळांचा आधार आहे. तिथल्या ढिगांचा एक नियम आहे. पहिला खंड कुठेही मिळतो, दुसरा शोधावा लागतो, तिसरा क्वचित. पुष्कळ लोक पहिल्यावर थांबतात आणि तोच विकतात. ज्यांनी तिसरा गाठला ते सगळं कपाटात जपून ठेवतात. म्हणून पहिला खंड स्वस्त मिळाला म्हणून लगेच उचलू नये, दुसरा-तिसरा दिसला तर मात्र तिथेच घेऊन ठेवावा आणि पहिला मागाहून आणावा. आकार बघावा. ब्रिटिश पेपरबॅकचे दोन मुख्य आकार असतात, सुमारे १८ सेंटिमीटर उंचीचा लहान आणि सुमारे २० सेंटिमीटरचा मोठा. लहान आकारात अक्षर बारीक आणि आतला समास कणाशी चिकटलेला, गाडीच्या उजेडात डोळे दुखतात. नकली प्रत ओळखायची तर नकाशा उघडावा. अस्सल प्रतीत नदीचं नाव वाचता येतं, नकली प्रतीत तिथे काळा डाग असतो. नंतर पानांचे क्रमांक सोळा-सोळाच्या उड्यांनी तपासावेत. छपाई फॉर्म्याने, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्याने होते, एखादा फॉर्मा दोनदा लागलेला आणि त्याच्या जागचा गळलेला असतो. म्हणजे पान ३२० नंतर पुन्हा ३०५ येतं आणि ३२१ ते ३३६ कधीच भेटत नाहीत. फँटसीत सोळा पानं गेली तर एखादं अख्खं राज्य बुडालेलं असतं.

आणि मग पावसाळा. खाडीकाठच्या इमारतीत जुलैमध्ये पेपरबॅकच्या पानांना लाट येते, गोंद मऊ होतो, मुखपृष्ठाचं प्लॅस्टिक कडेने सुटतं. काळजीपोटी लोक पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवतात, तेच वाईट, कारण आत अडकलेला दमटपणा बाहेर जात नाही आणि बुरशी धरते. पावसाचा मार बसणाऱ्या भिंतीपासून कपाट चार बोटं पुढे ओढावं, पुस्तकं घट्ट कोंबू नयेत, जाड खंड उभे ठेवताना दोन्ही बाजूंनी आधार द्यावा, नाहीतर पानांचं ओझं कण्यावर येऊन तो तिरका होतो. उघडीप मिळाली की पंख्याखाली पानं फडफडवावीत. उन्हात टाकू नये, गोंद वाळून तडकतो.

हे सगळं बघताना एक गोष्ट सतत टोचत राहते. मराठी घरांतून निघालेल्या, मराठीत बोलणाऱ्या या मुलांच्या सॅकमध्ये मराठी फँटसी नसते. मराठी माणसाला जाड पुस्तकाची धास्ती आहे म्हणावं, तर 'मृत्युंजय' (१९६७), 'श्रीमान योगी' आणि 'पानिपत' (१९८८) यांच्या किती आवृत्त्या निघाल्या ते सगळ्यांना दिसतंच आहे. नौपाड्यातल्या कुठल्याही जुन्या घरात यातलं एखादं तरी कपाटात सापडतं, कण्याला टेप लावलेलं. मग अडलं कुठे? मला वाटतं, ऐतिहासिक कादंबरीला नकाशा छापावा लागत नाही. रायगड कुठे, सदाशिवरावभाऊ कोण, हे वाचकाच्या डोक्यात आधीपासून आहे. लेखक थेट माणसांच्या मनात शिरू शकतो. नव्या कल्पित जगाला मात्र आपलं सामान स्वतः वाहून आणावं लागतं, भूगोल, नाती, देव, शिव्या, चलन, सगळं. त्याला पानं लागतात आणि आपल्याकडे विज्ञानकथा आणि अद्भुतकथा ज्या वाटेने आल्या त्या वाटेवर पानं मोजून मिळत होती.

ती वाट स्पर्धांची आणि दिवाळी अंकांची. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली, तिला बक्षीस मिळालं आणि ती जयंत नारळीकरांची आहे हे मागाहून कळलं, ही हकिगत सर्वांना पाठ आहे. तिचा एक परिणाम मात्र क्वचित बोलला जातो. इथून पुढची मराठी विज्ञानकथा दहा-पंधरा पानांच्या साच्यात वाढली. स्पर्धेला शब्दमर्यादा, दिवाळी अंकात जाहिरातींतून उरेल तेवढी जागा. अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने गूढ आणि अद्भुत कथांना वर्षानुवर्षं घर दिलं, पण तिथेही प्रत्येक गोष्ट सुटी, पुढची वेगळ्या माणसांची. एवढ्या जागेत नवं जग उभारता येत नाही. म्हणून आपल्या लेखकांनी शहाणा मार्ग काढला. जग आपलंच ठेवायचं, मुंबई, पुणे, लोकल, चहा, आणि त्यात फक्त एक गोष्ट बदलायची. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये १७६१ची लढाई मराठे जिंकतात. मराठी वाचकाला त्यातली उलथापालथ समजावून द्यावी लागत नाही, विश्वासरावांना गोळी लागली नाही म्हटल्याबरोबर अंगावर काटा येतो. थोड्या पानांत एवढं साधलं, कारण सामान वाचकाच्या डोक्यातून उसनं घेतलं होतं. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या उत्तम कथांतही ही बांधणी दिसते. ठाण्याहून निघून कोपरखैरण्यापर्यंत एक कथा संपते, आणि चांगली असेल तर तुर्भ्यापर्यंत दुसरी सुरू करवत नाही.

कादंबऱ्याही झाल्या. नारळीकरांच्या 'प्रेषित', 'व्हायरस' आणि 'वामन परत न आला', अरुण साधूंची 'विप्लवा', लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांनी मिळून लिहिलेली 'देवांसि जिवे मारिले'. प्रत्येक आपापल्या जागी पुरी, पण कुठल्याच जगात परत जाता येत नाही. सँडरसनच्या वाचकाला नेमकं तेच हवं असतं, परत जाणं. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले तेव्हा तिशीतल्या कितीतरी वाचकांनी 'यक्षांची देणगी' आठवलं, शाळेच्या सुट्टीत वाचलेलं, आणि त्यानंतर मराठीत काय वाचलं याचं उत्तर अनेकांपाशी नव्हतं. अनुवादांनी थोडी जागा भरली. 'हॅरी पॉटर आणि परीस' मुलांनी वाचलं. मुग्धा कर्णिक यांनी टॉल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही अख्खी कादंबरी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आणली. हे काम किती मोठं आहे ते मूळ पुस्तकातल्या कविता, वंशावळी आणि बोलींचे थर पाहिले की कळतं. दुकानात मात्र ते मागवून घ्यावं लागतं, समोर मांडलेलं क्वचित असतं.

जुनं वाचायचं असेल तर वाचनालयात जावं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून चालू आहे. तिथे किंवा कुठल्याही जुन्या वाचनालयात गेल्यावर 'विज्ञानकथा' असा विभाग शोधत बसू नये. बऱ्याच ठिकाणी ही पुस्तकं कथासंग्रहांत लेखकाच्या नावाखाली असतात, नारायण धारपांची तर रहस्यकथांत. नाव घेऊन मागावीत. जुन्या दिवाळी अंकांबद्दलही विचारावं, कारण संग्रहांत कधीच न आलेल्या कितीतरी कथा त्यांतच पडून आहेत, पिवळ्या पानांवर, साबणाच्या जाहिरातीशेजारी.

आता ज्या गोष्टीकडे मला यायचं आहे ती अशी. छोटी जागा हे मोठं जग न होण्याचं कारण असायलाच पाहिजे असं नाही. आयझॅक असिमॉव्हची 'फाउंडेशन' १९४२ ते १९५० या काळात मासिकात तुकड्यातुकड्यांनी आली. १९५१ ते १९५३ दरम्यान तिची तीन पुस्तकं झाली तेव्हा आरंभाला एक गोष्ट नवी लिहून जोडली, बाकी मजकूर मासिकाचाच. 'ड्यून'सुद्धा आधी मासिकातच आली होती. सर्वात जवळचं उदाहरण पोलंडचं आहे. आंद्रेय सापकोव्स्कीने 'विचर'ची पहिली कथा 'फान्तास्तिका' मासिकाच्या स्पर्धेसाठी लिहिली, ती १९८६ मध्ये छापून आली, तिसरं बक्षीस मिळालं. त्याने त्याच नायकाच्या पुढच्या कथा लिहिल्या, कथांचे दोन संग्रह झाले, १९९४पासून कादंबऱ्या सुरू झाल्या, पुढे व्हिडिओ गेम आले, टीव्ही मालिका आली. वाचणाऱ्यांनी 'द लास्ट विश' आधी घ्यावं, मग 'सोर्ड ऑफ डेस्टिनी', नंतर 'ब्लड ऑफ एल्व्ह्ज'. इंग्रजीत मधलं पुस्तक २०१५ मध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या सात वर्षं मागून आलं, त्यामुळे जुन्या इंग्रजी वाचकांना कादंबऱ्यांतल्या सिरी या मुलीचं नायकाशी नातं काय हे कळतच नव्हतं. गोखले रोडला झाली तशीच गल्लत, फक्त प्रकाशनाच्या पातळीवर. पण पाहण्यासारखं हे की पोलिश भाषेत एका स्पर्धेतून एक जग उभं राहिलं, आणि स्पर्धा तर आपल्याकडेही होत्या, बारा वर्षं आधीपासून.

तेव्हा दिवाळी अंकाच्या संपादकांनी एवढं करून पाहावं. तीन वर्षांसाठी एकच लेखक आणि एकच जग ठरवावं. दरवर्षी तीस-पस्तीस पानं द्यावीत. प्रत्येक गोष्ट स्वतःपुरती पुरी असावी, म्हणजे आधीचा अंक न मिळालेला वाचक अडणार नाही, पण माणसं आणि गावं तीच राहावीत. पहिल्या वर्षी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला जाहिरातीऐवजी त्या जगाचा नकाशा छापावा, काळ्या शाईत, नद्यांची नावं वाचता येतील एवढा मोठा. दुसऱ्या वर्षी आरंभाला दहा ओळींत मागची हकिगत आणि पात्रांची यादी द्यावी. चौथ्या वर्षी शंभर पानांचा मजकूर हातात असेल, त्याला आरंभाची एक नवी गोष्ट जोडून पुस्तक काढावं आणि कण्यावर ठळक आकडा घालावा, पहिलं. जग कोकणातल्या खाड्यांचं असेल, सह्याद्रीच्या घाटवाटांचं असेल, नाहीतर दिघा ते बेलापूरच्या दगडखाणींखालचं असेल, ते लिहिणाऱ्याने ठरवावं. वाचणारे कुठे उभे असतात ते आपल्याला माहीत आहे. त्यांच्यापाशी रोजचा एक तास आहे आणि हजार पानांची तयारी आहे.